ओढणाऱ्यांची सुट्टी

माझा राग नाकावर असतो, हे वर्कशॉपमधल्या सगळ्यांना माहीत आहे. वय चोवीस, हाताखाली नऊ जवान आणि दारात लष्कराचे ट्रक. राग नसता तर एकही ट्रक वेळेत फाटकाबाहेर पडला नसता.

सकाळी साडेदहाला मी हातातला पाना टेबलावर आपटते आणि ओरडते, “ओढणाऱ्यांनो, दहा मिनिटं!” सिगारेट ओढणारे मागच्या शेडखाली जातात, बाकीचे ग्रीसमध्ये हात घालून काम चालू ठेवतात. हे कुठेही लिहिलेलं नाही. दारूबद्दल आमच्याकडे नियमच नियम: शनिवारी कॅन्टीनमध्ये किती घ्यायची, सोमवारी तोंडाला वास आला तर किती दिवस कोठडी. सिगारेटला मात्र कुणी व्यसनात धरतच नाही. ती म्हणजे सुट्टीचा पास. भरती झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मीही पहिली पेटवली ती याच पासासाठी. पाठ मोडून आली होती आणि सावलीत बसायचं होतं, बस.

त्या मंगळवारी शेडखाली शिट्टी दिसली. काम करताना शिट्टी वाजवते म्हणून शिट्टी. एकोणीस वर्षांची, ब्रेकच्या कामात तरबेज. पाणबुड्यांच्या तुकडीसाठी तिची निवड चाचणी तीन आठवड्यांवर आली होती. पाण्याखाली दोन मिनिटं श्वास रोखायचा होता. रोज सकाळी ती माझ्या घड्याळावर सराव करायची आणि पाच सेकंद वाढले की ट्रकच्या बॉनेटवर थाप मारायची. आणि आता ही बया सिगारेट फिल्टरच्या बाजूने पेटवत होती!

“काय चाललंय हे?”

“दहा मिनिटं, ताई.” तिला ठसका लागला. “सकाळपासून आठ चाकं उतरवली. खांदे भरून आलेत.”

“मग सांगायचं ना, बसायचंय म्हणून!”

“न ओढणारं कुणी बसलंय का इथं कधी?”

तिला चांगलं झापायचं होतं. पण तिला शेडखाली मीच पाठवलं होतं, रोज साडेदहाला, घसा फोडून. माझी मलाच लाज वाटली. तिच्या हातातली सिगारेट काढून घेतली आणि तडक साहेबांच्या खोलीत गेले.

साहेबांनी फाइलमधून मान वर केली नाही. “सगळ्यांना सुट्टी? उद्या चारच्या आत सहा ट्रक जायचेत.”

“जातील, साहेब.”

“नाही गेले तर?”

“माझी हुद्द्याची फीत काढून घ्या.”

आता मान वर झाली. “फीत राहू दे. एक जरी ट्रक राहिला, तर परवापासून पुन्हा पहिल्यासारखं.”

बुधवारी साडेदहाला मी पाना आपटला. “सगळ्यांना दहा मिनिटं!”

कुणी हलेना. मामा, म्हणजे तिशीच गाठलेला पण आमच्यात सगळ्यांत मोठा म्हणून जगाचा मामा, ट्रकखालून डोकं काढून म्हणाला, “काय गं, बरं आहे ना तुला?”

“बाहेर व्हा सगळे, नाहीतर सुट्टी रद्द!”

मग मात्र झुंबड उडाली. शिट्टी टायरला टेकून तोंड उघडं टाकून झोपली. ओढणाऱ्या पाच जणांपैकी तिघांनी पाकीट बाहेरच काढलं नाही. मामा सफरचंद खात बसला, तेही दुसऱ्याच्या डब्यातलं. दहा मिनिटांनी सगळे उठले आणि कामाला असे भिडले की माझ्यावर ओरडायची वेळच आली नाही. चारला दहा कमी असताना सहावा ट्रक फाटकाबाहेर पडला. साहेब खिडकीत उभे होते. मी सलाम ठोकला, जरा जास्तच कडक.

गुरुवारी सकाळी शिट्टीने एक मिनिट पन्नास सेकंद श्वास रोखला. आता ती निवडली जाणार, याबद्दल मला शंका नव्हती. साडेदहाच्या सुट्टीत मी तिच्या शेजारी ऐटीत टेकले आणि सिगारेट पेटवली.

ती थोडी सरकून बसली. “ताई, आता तर सुट्टी सगळ्यांनाच आहे. मग तुम्ही का ओढता?”

टोमणा नव्हता, साधा प्रश्न होता. मामाला, साहेबांना, कुणालाही माझ्याकडे उत्तर तयार असतं. या पोरीच्या प्रश्नावर मात्र सिगारेट संपेपर्यंत विचार केला. मग दुसरी पेटवली.