दोन ठिकाणच्या उषाबाई

मुलांनो, डोळे मिटा आणि जालन्यापासून पुण्यापर्यंत गेलेली टेलिफोनची तार डोळ्यांपुढे आणा. साल दोन हजार. जालन्यात बियाण्याच्या एका कंपनीचं ऑफिस आहे. टेबलावर कॉम्प्युटर आहे, पण माहिती त्याच्या पोटात नाही. ती पुण्याच्या मोठ्या कॉम्प्युटरात. म्हणून हा आधी पुण्याला फोन लावतो. शेजारची छोटी पेटी, मोडेम, कर्कश किंचाळते. मग नाव आणि पासवर्ड दिला की पुण्याचं दार उघडतं. तुम्ही लिहाल ते तिथे तुमच्या नावावर उमटतं.

या ऑफिसात नाव एकच होतं, बियाणं तपासणाऱ्या उषाबाईंचं. मॅनेजर साहेबरावही तेच वापरायचे.

उषाबाई शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळून ठेवत आणि किती उगवले ते मोजून लिहीत. कपाशीच्या एका बियाण्याचे एक्केचाळीसच उगवले. त्यांनी तेच लिहिलं. पुण्याच्या कॉम्प्युटरात मात्र त्यांच्या नावावर निघाले एक्क्याण्णव. पाकिटं विकली गेली, शेतं उघडी पडली, आणि शेतकरी जाब विचारायला ऑफिसात आले.

सगळ्यांदेखत साहेबराव म्हणाले, "नाव कोणाचं दिसून राह्यलं? तुमचंच ना? पुण्याचा कॉम्प्युटर खोटं बोलतो व्हय? बसा आता घरी!" उषाबाईंना काढल्याचं पुण्याला मात्र त्यांनी कळवलंच नाही.

उषाबाई शरमेने घरी आल्या. त्यांची सातवीतली मुलगी दुर्गा मात्र पेटली.

"आई, त्याला सोडायचं न्हाई."

"जाऊ दे गं. पुरावा कुठंय?"

"तो अजून तुझ्याच नावानं लिहीत असंल. चल जल्दी."

ऑफिससमोर पैसे देऊन परगावी फोन करायचं एसटीडी बूथ होतं. दोघी तिथे थांबल्या. समोरच्या खिडकीतून मोडेम किंचाळलं. ते शांत झाल्यावर, म्हणजे जोडणी लागल्यावर, उषाबाईंनी पुण्याचा नंबर फिरवला. तो त्यांना पाठ होता. जोडणी तुटली की तिथला कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या गिरिजाबाईंना त्याच फोन करायच्या.

"गिरिजाबाई, मी जालन्याहून उषाबाई."

"आवाज ओळखला की! पण तुम्ही फोनवर कशा? इथं तर तुम्ही जोडलेल्या दिसताय. ही बघा, आत्ताच नोंद आली तुमची."

शेजारी कान लावून ऐकणाऱ्या दुर्गाने रिसीव्हर घेतला. "मॅडम, आई हितं माझ्याजवळ उभी हाय. ऑफिसात साहेबराव एकटाच बसलाय."

 गिरिजाबाई म्हणाल्या, "थांब, जोडणी तोडते."

"न्हाई मॅडम! लिहू द्या त्याला अजून. आई फोनवर हाय तवर जे येईल, ते त्याचंच."

रिसीव्हर आईच्या हातात देऊन ती रस्ता ओलांडून गेली आणि खिडकीचे गज धरून उभी राहिली.

"काय गं? आईनं पाठवलं का माफी मागायला?" साहेबराव हसले.

"न्हाई," दुर्गा म्हणाली, "चालू द्या तुमचं," आणि त्यांच्या बोटांकडे बघत राहिली.