मुमताजचा डबा

स्वयंपाकघरातली सगळी भांडी खोक्यांत गेली आणि ओट्यावर एकच स्टीलचा डबा उरला. अक्कम्मानं तो उजेडात धरला. झाकणावर नाव कोरलं होतं, मुमताज. समोरच्या घरातली.

"देऊन ये की अव्वा पटकन," लेक मंजुनाथ टेप लावत म्हणाला. "टेम्पो आलाय."

"रिकामा? तीस वर्षांत कधी दिलाय का मी?" अक्कम्मा कडाडली. सोलापूर सोडून पुण्याला जायचं लेकानं तिला न विचारताच ठरवलं होतं, तो रागही त्यात होताच. नुकतंच चिकटवलेलं खोकं तिनं टराटरा उघडलं, शेंगाचटणीची बरणी काढली आणि डबा गच्च भरून समोर गेली.

मुमताजनं चटणी आपल्या बरणीत काढून घेतली, डबा धुतला, ओढणीनं पुसला आणि परत अक्कम्माच्याच हातात ठेवला.

"अगं, तुझाच हाय हा. नाव वाच की."

"म्हाईत हाय. न्या तुमी."

"आन रिकामाच देतीस व्हय मला?"

"व्हय अक्का," मुमताज म्हणाली. "दुसऱ्याचा डबा ठेवून घेणाऱ्यातल्या तुमी न्हाई, आन रिकामा परत करणाऱ्यातल्या तर न्हाईच न्हाई."

अक्कम्मा डबा घेऊन वळली. टेम्पोत बसल्यावर मंजुनाथनं डबा मागं ठेवायला हात पुढं केला, तर तिनं तो मांडीवर घट्ट धरला.

"सोलापूरचं तिकीट कधीचं मिळतंय," ती म्हणाली, "ते बघ आधी."