कठड्यावरची नारिंगी बुरशी

घराचं लाकूडकाम तपासायला सुतार येणार म्हणून सुनेने गॅलरी लख्ख पुसून काढली, आणि तिथेच सगळं फिसकटलं. पाइनच्या त्या जुन्या कठड्यावर, पाऊस झाला की नारिंगी बुरशी फुगून यायची. जेलीसारखी लिबलिबीत, आणि रंग तर असा भडक की लांबून नजरेत भरावा. ऊन पडलं की आक्रसून जायची.

"कुठे बुरशीबिरशी येते का?" सुताराने विचारलं होतं.

"छे हो!" ती ठसक्यात म्हणाली होती. परक्या माणसासमोर आपल्याच घराची लाज कोण काढणार? सुताराने वरवर बघितलं आणि तो गेला.

आज नणंद आली होती. रात्रभर पाऊस झालेला. सुनेचा नवरा खाली अंगणात, कॅमेरा घेऊन लांब उभा. "सगळ्याजणी कठड्याशी या!" सासूबाई सर्वांत पुढे. सून कठड्याच्या खांबाला अडकलेला पदर सोडवायला खाली वाकली, तर खांबाच्या बुडाशी नारिंगी गोळ्यांची रांगच! तिने बोट टेकवलं. बोट लाकडात शिरलं.

आता बोलावं, तर नणंदेसमोर खोटेपणा उघडा पडणार.

"आई, जरा मागे या ना."

"का गं? माझ्यामुळे फोटो बिघडतोय?" सासूबाई म्हणाल्या आणि मुद्दाम कठड्यावर रेलल्या. नणंद फिस्सकन हसली.

"हलू नका!" खालून नवरा ओरडला.

खांब करकरला.

"आई, कुजलाय तो! मी सुताराशी खोटं बोलले!" सुनेने सासूच्या कमरेला मिठी घालून मागे ओढलं. दोघी धाडकन फरशीवर पडल्या. कठडा सरळ खाली अंगणात गेला.

तुटलेल्या खुंटावर ती नारिंगी बया थुलथुलत होती. सुनेला रडू फुटलं. "दिसली की मीच पुसून टाकायचे, आई. तुमच्या घरात घाण दिसायला नको म्हणून."

सासूबाईंनी धापा टाकत तिचा दंड पकडला.

"अगं, पहाटे उठून मी पुसायचे, आज तेवढं राहिलं," त्या म्हणाल्या. "तू घराला नावं ठेवशील म्हणून. तरीच! मला वाटायचं, दुपारी येते ती उन्हाने आपोआप जाते."

सुनेचा दंड त्यांनी अजून घट्ट धरून ठेवला होता.