पहिला हात कोणाचा

भावोजींनी प्रोग्रामवरचं तिचं नाव खोडून स्वतःचं घातलं, त्याला आज आठ दिवस झाले होते आणि आठ दिवसांत तिने हूं की चूं केलं नव्हतं. ताईला वाटलं, धाकटी झालं गेलं विसरली. विसरते कसली! ती दबा धरून बसली होती.

कागदाचे गठ्ठे कापणाऱ्या यंत्राचा तो प्रोग्राम तिने सहा महिने खपून लिहिला होता. आत चिप एक, कामं चार: पातं चालवणं, गठ्ठा सरकवणं, पडद्यावर आकडे दाखवणं, आणि पात्याखाली हात आला की पातं जागच्या जागी थांबवणं. दोन कामांचे इंटरप्ट, म्हणजे 'आधी माझं बघ' असे इशारे, चिपकडे एकदम आले की पहिला मान कोणाचा, हे तिने प्रत्येकाला क्रमांक देऊन ठरवलं होतं. या चिपमध्ये आकडा जितका लहान तितका मान मोठा. हाताला तिने शून्य दिला होता. हात आला की बाकीच्यांनी असेल ते काम टाकून बाजूला व्हायचं.

भावोजी, म्हणजे ताईचा नवरा, आणि कंपनीत धाकटीचे साहेब. नुसतं नाव घालून चोरी पचत नाही, म्हणून त्यांनी थोडी डागडुजीही केली. पडद्यावर कंपनीचं फिरतं चिन्ह आणलं. मग क्रमांक बघितले. शून्याला कोण विचारतो, असं समजून त्यांनी हाताला सात दिला आणि लाडक्या चिन्हाला शून्य. आता चिन्ह फिरत असताना हाताने कितीही बोंब मारली तरी चिप ऐकणार नव्हती. तिने हे पहिल्याच दिवशी बघितलं आणि मनातल्या मनात हसली.

कारण मालकांचा जुना नियम होता: गिऱ्हाइकासमोर पात्याखाली पहिला हात प्रोग्राम लिहिणाऱ्याचा. आणि आज गिऱ्हाईक यंत्र बघायला आलं होतं.

"कोणी लिहिलं हे?" मालकांनी विचारलं.

"मी," भावोजी बाह्या दुमडत म्हणाले. "अक्षर न् अक्षर."

"आणि ह्या?"

"मेहुणीबाई होय? टायपिंगला मदत केली थोडी."

गिऱ्हाईक हसलं. तिचं रक्त उकळलं. भावोजींची बोटं टेबलावर पडलेली तिने आठ दिवस मनात रंगवली होती, आणि त्याची तिला जराही लाज वाटली नव्हती. आत्ताही वाटत नव्हती. पण बोटं गेलेल्या माणसाची सगळ्यांना कीव येते, आणि त्यांना कोणाची कीव मिळावी हे तिला सोसलं नसतं.

"थांबा," ती म्हणाली. "आधी हा."

तिने पिशवीतून चिंध्या भरलेला हातमोजा काढला, एका लांब पट्टीच्या टोकाला अडकवला आणि यंत्र सुरू केलं. पडद्यावर चिन्ह ऐटीत फिरायला लागलं. पातं सुटलं तसा तिने मोजा आत सरकवला. पातं थांबलं नाही. मोज्याची चार बोटं टेबलावर पडली.

भावोजी पांढरेफटक पडले. मग एकदम तिच्याकडे हात करून ओरडले, "हिने लिहिलंय! सगळं हिनेच लिहिलंय!"

"ऐकलंत ना?" ती मालकांना म्हणाली.

तिने संगणकावर प्रोग्राममध्ये कोणी काय बदललं त्याच्या जुन्या नोंदी उघडल्या. तिच्या नावापुढे हात शून्य, भावोजींच्या नावापुढे हात सात. मालकांनी ते दोनदा वाचलं. तिने सातचा शून्य केला, चिन्हाला शेवटी ढकललं, प्रोग्राम पुन्हा चिपमध्ये भरला आणि बाही दुमडली. चिन्ह फिरत होतं. पातं सुटलं, तिने स्वतःचा हात आत घातला, आणि पातं मनगटाच्या वीतभर वर थबकलं. तिने हात सावकाश बाहेर काढला.

"आता तुम्ही या, भावोजी," ती गोडीत म्हणाली. "अक्षर न् अक्षर तुमचं आहे ना? घाला हात."

मालक बघत होते, गिऱ्हाईक बघत होतं. भावोजींनी बाह्या दुमडलेल्या तशाच ठेवून दोन्ही हात खिशात घातले. तिने यंत्र बंद केलं नाही, ती वाट बघत उभी राहिली.