बाकाच्या टोकाचा दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे. तुम्हाला 'मित्रांनो' म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो; बाकी तुमच्यात माझे मित्र फार थोडे.

कार्वेल गावच्या बर्फाच्या मैदानात हॉकी खेळाडूंचे लांब बाक आहे. त्याच्या टोकाला मी. पडक्या धान्यगोदामाच्या फळ्यांतून मला बनवले, तेव्हा गावाने कौतुक केले. मग इतके हिवाळे नुसत्या लाथा. चालू खेळात दमलेला खेळाडू माझ्यातून धडपडत आत येतो, ताजा बाहेर पडतो. माझी कडी सैल झाली, ती कुणी नीट बसवली नाही.

मला उघडायचे काम राखीव गोलरक्षकाचे. त्याला खेळायला क्वचितच मिळते. या सगळ्यांत तारास होलोव्का तेवढा मला धड वागवायचा. कडीखाली तळहात द्यायचा, येणाऱ्याचे पाय बघायचा, मगच मला हलवायचा. त्याची बायको मारिका इथल्या दवाखान्यात परिचारिका. गावे बदलून बदलून ती थकली होती आणि हे गाव तिला मानवले होते. इथून आपल्याला कुणी हलवू नये, एवढेच तारासला हवे होते.

संघाचा व्यवस्थापक गॉर्डन वीब याला ते ठाऊक होते. तरी खेळाडूंच्या अदलाबदलीचा शेवटचा दिवस उजाडला, तेव्हा तो पाहुण्या संघाच्या टॅलबट नावाच्या व्यवस्थापकाला घेऊन माझ्यावर रेलला. रेलायची यांना फार हौस.

"राखीव गोलरक्षक हवाय मला," टॅलबट म्हणाला. "पण नदीपलीकडच्या संघाचे लोक त्यांचा गोलरक्षक गान्ये द्यायला तयार आहेत. उंच आहे, तरुण आहे. तुझा होलोव्का तिशीला टेकला."

"गान्ये उंच आहे, पण पायांमधून गोल खातो. माझा महिनाभर बसून उठला तरी गोलाकडे येणारी रबरी चकती अडवतो."

"बसून बसून बूड चिकटलंय त्याचं बाकाला. आणि बदल्यात बचावपटू मागतोस? लाज बाळग जरा."

"आज त्यालाच खेळवतो. बघ आणि मग बोल."

तारास शेजारीच बसून बुटाची नाडी बांधत होता. बाजारात घोड्याचे दात बघावेत तसे त्याच्यादेखत बोलत होते दोघे. मला दोघांचाही संताप आला.

त्या संध्याकाळी तारास गोलात उभा राहिला आणि माझ्याजवळ बसला मुख्य गोलरक्षक ब्रेंट किलबर्न. त्याने जन्मात दरवाजा सांभाळला नव्हता. आल्या आल्या मला लाथ घातली.

"कडी पकडू नकोस, खाली तळहात दे," तारास जाता जाता म्हणाला. "आणि आधी पाय बघ."

"दरवाजाच आहे ना? विमान थोडंच चालवायचंय."

सामन्याच्या तीनपैकी दोन भाग झाले तरी तारासने एकही गोल होऊ दिला नाही. दुसऱ्या भागाच्या शेवटी दोन खेळाडू एकदम आत घुसले, ब्रेंटने कडी पकडली आणि मी त्याच्या बोटांवर मिटलो. मुद्दाम का, ते विचारू नका. दरवाजाने बोटे चेचली हे सांगायची लाज वाटून तो हात काखेत दाबून गप्प बसला.

तेवढ्यात वीब जिना उतरून आला. "तारास, ये बाहेर. सौदा झाला. आता तू त्यांचा, तुला काही लागलं तर माझ्या गळ्यात. ब्रेंट, ऊठ."

ब्रेंटने हात बाहेर काढला. बोटे वांग्यासारखी जांभळी पडली होती.

वीबचा चेहरा पडला. "तारास, बाबा, शेवटचा भाग तेवढा उभा राहा."

"त्याला हात लावू नकोस," टॅलबट जिन्यावरून म्हणाला. "माझा माणूस आहे तो."

"मारिकाला काय सांगू?" तारासने विचारले.

तारास माझ्यातून आत आला, कडीखाली तळहात देऊन मला आवाज न करता लावले आणि निघून गेला.

शेवटच्या भागात एका बचावपटूला गोलात उभे केले. नऊ गोल झाले. दर गोलाला मला बरे वाटले, पण तारास गेला तो गेलाच. त्याच्या बदल्यात आलेल्या बचावपटूने पहिल्याच दिवशी मला काठीने हाणले.

मारिका अजून इथेच राहते. या हिवाळ्यात टॅलबटच्या संघाबरोबर तारास आला होता. सामन्याआधी बर्फ ओलांडून माझ्याकडे आला आणि कडीखाली तळहात ठेवला.

"अजून नाही बसवली का कुणी?" तो म्हणाला.

मित्रांनो, शेवटी काळजी घ्या असे सांगायचे असते. कडीचा एक स्क्रू पिळायचा आहे. पिळा, नाहीतर राहू द्या. बोटे तुमची आहेत.