सांगलीचा आणि पुण्याचा

आकारामअण्णांनी दोन्ही हात खाली घातले आणि टेबलावरचा सर्व्हर वीतभर उचलून पाहिला. मग शेजारचाही उचलला.

“वजनाला सारखंच हायती,” ते म्हणाले. “जोड लागतीय.”

संयोगिताचा जीव वरखाली झाला, पण अण्णांनी मशीन अलगद खाली ठेवलं. दूध संघाचे अध्यक्ष होण्याआधी अण्णांनी तीस वर्षं कुंडलच्या आसपासच्या मैदानांत कुस्त्यांच्या जोड्या नेमल्या होत्या. पैलवानाच्या दंडाला हात लावून ते कुणाशी कोण लढेल ते सांगत, आणि लावलेली जोड चुकली असं मागून कुणी बोललेलं कानावर आलं, तर दोन दिवस त्यांना अन्न गोड लागत नसे. अशा माणसापुढं दोन कंपन्यांची माहितीपत्रकं ठेवून काय उपयोग? त्यांनी गठ्ठा बाजूला सारला होता. कागदावर कुणीबी पैलवान असतंय, म्हणाले, दोघांस्नी आणा आणि धरा.

नव्या सर्व्हरची गरज तर लहान पोरालाही कळली असती. रोज सकाळी दोनशे बारा गावांतलं दूध एकाच वेळी मापावर यायचं आणि संघातला जुना सर्व्हर धापा टाकायचा. पावती निघेना, की बाया कॅन घेऊन ताटकळायच्या आणि केंद्रचालक ऑफिसला फोन लावायचे. फोनवर काय ऐकावं लागायचं ते इथं न सांगितलेलं बरं.

ते ऐकायला संगणक विभागात माणसं दोन. वीरधवल दहा वर्षांचा जुना, विभागप्रमुख. त्याला पुण्याच्या कंपनीचा सर्व्हर हवा होता. संयोगिता अकरा महिन्यांच्या हंगामी नेमणुकीच्या ऑर्डरवर आलेली. तिनं चार पानी टिपण लिहून सांगलीच्या व्यापाऱ्याचा सर्व्हर सुचवला होता. तिची ऑर्डर या महिनाअखेरीस संपत होती. उद्याच्या बैठकीत सर्व्हरचा विषय होता आणि त्याच्याच खाली तिला कायम करण्याचा. टिपणच चुकलं तर बाईंना ठेवायचं कशाला, असं एक संचालक चहा पिता पिता बोलून गेले होते. आईला म्हसवडहून पलूसच्या भाड्याच्या खोलीत आणून तिला जेमतेम महिना झाला होता. आई आत्ता कुठं गल्लीतल्या भजनी मंडळात रमली होती. परत गाठोडं बांध म्हणून तिला कुठल्या तोंडानं सांगायचं?

“दोघांत फरक काय, त्ये सांग,” अण्णा खुर्चीत बसत म्हणाले.

“प्रोसेसरचा, अण्णा. सांगलीच्याला बत्तीस कोर आहेत. म्हणजे बत्तीस कामं एका वेळी उचलतो. पुण्याच्याला सोळाच, पण एकेक काम तो लवकर उरकतो. किंमत मात्र जवळपास दुप्पट.”

“म्हंजे ह्येला हात जास्त आणि त्येचा हात चपळ.”

“आवं अध्यक्ष, धरा की आता,” चंद्राबाई म्हणाल्या. त्या संघाच्या संचालक, पण कुंडलचं दूध संकलन केंद्र अजून स्वतः चालवायच्या. येताना त्यांनी डबाभर खरवस आणला होता आणि तो शेजारच्या खोलीत सगळ्यांची वाट बघत होता.

संयोगितानं कालच्या सकाळची सगळी नोंद, दोन तासांचं काम, दोन्ही मशीनवर एकदमच सोडलं. पंख्यांचा आवाज चढला. अण्णा गुडघ्यावर हात ठेवून पुढं वाकले. सांगलीच्यानं काम संपवलं सहा मिनिटं दहा सेकंदांत. पुण्याच्याला सात मिनिटं पंचवीस सेकंद लागले.

“सांगलीचा चितपट करून मोकळा,” चंद्राबाई म्हणाल्या आणि खरवसाकडे वळल्या.

वीरधवलनं खांदे उडवले. “मान्य आहे आपल्याला,” तो म्हणाला आणि अण्णांना घेऊन त्यांच्या मागोमाग गेला. हरलेल्या माणसाच्या मानानं त्याची स्वारी चांगलीच खुशीत होती.

संयोगिता पसारा आवरायला मागं थांबली. तिला गाणं म्हणावंसं वाटत होतं. कचऱ्याच्या पोत्यात थर्माकोल कोंबताना तिच्या हाताला काहीतरी टणक लागलं. तिनं ओढून काढलं. सीलबंद पाकीट होतं, आत रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, चार पट्ट्या आणि वर पुण्याच्या कंपनीचं नाव.

काल संध्याकाळी दोन्ही मशीन तिनंच जोडली होती. सांगलीच्यात आठ पट्ट्या बसवल्या. पुण्याच्या खोक्यातून एक पाकीट निघालं, त्यातल्या चार बसवल्या आणि घाईत झाकण लावून टाकलं. दुसरं पाकीट तिनं पाहिलंच नव्हतं. निम्म्या पट्ट्यांवर कुठलाही प्रोसेसर रखडणारच.

पाकीट होतं त्या जागी परत टाकलं असतं तरी कुणाला पत्ता लागला नसता. पोतं दारापर्यंत गेलंच होतं. तिनं पाकिटाला चिकटलेला थर्माकोल झटकला. मग ती पाकीट घेऊन शेजारच्या खोलीत गेली.

“अण्णा, जोड चुकली.”

अण्णांचा चमचा थांबला. तीस वर्षांत हे वाक्य त्यांना कुणी तोंडावर ऐकवलं नव्हतं.

“कुनाची?”

“माझी. तुमची बरोबर होती. मी पुण्याच्याला अर्धपोटी उतरवला.” तिनं पाकीट टेबलावर ठेवलं. “ह्या चार पट्ट्या पोत्यात सापडल्या. परत धरायला हवं.”

वीरधवलला जोराचा ठसका लागला. चंद्राबाईंनी त्याच्या पाठीवर थापटून पाणी दिलं.

सगळे वाट्या घेऊन मशीनपुढं आले आणि संयोगितानं राहिलेल्या पट्ट्या बसवल्या. दुसऱ्या खेपेला पुण्याच्यानं पाच मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद घेतले. सांगलीचा होता तिथंच, सहा मिनिटं दहा.

“पुण्याचा जिंकला,” संयोगिता म्हणाली. तिनं दोन्ही आकडे कागदावर उतरवले.

“मला येक सांग पोरी,” चंद्राबाई म्हणाल्या. “माज्या केंद्रावर बाई मापापुढं हुबी ऱ्हायली, तर पावतीला किती येळ?”

“ऐन गर्दीत? सांगलीचा एक सेकंद घेईल. पुण्याचा थोडा कमी.”

“आन आता?”

“आता पाच-पाच मिनिटं लागतात, काकी.”

“मग येका सेकंदात काय हुतंय? तेवढ्यात तर बाईचा पदरबी सावरून हुत न्हाई. निम्म्या किमतीत मिळतोय त्यो घ्या की.”

अण्णा हसले. मग संयोगिताकडे वळले. “तुज्या टिपणात काय लिवलंवतंस?”

“सांगलीचा जास्त वेगवान ठरेल म्हणून.”

“त्ये चुकलं.”

“हो. चुकलं.”

अण्णांनी खरवसाची वाटी पुरती चाटूनपुसून संपवली आणि ते उठले. “वीरधवल, उद्या हिचा इषय आधी घ्या. मशीनचं मागनं बघू. आन टिपण दुरुस्त करून ठेवा.”

अण्णा आणि चंद्राबाई गेल्यावर संयोगिता नवं टिपण लिहायला बसली. वीरधवल झाकणाचे स्क्रू आवळत होता. बराच वेळ आवळत होता.

“मॅडम,” तो शेवटी म्हणाला. “ते पाकीट पोत्यात मी टाकलं. सकाळी खोक्याच्या तळाशी सापडलं होतं.”

तिनं पेन खाली ठेवलं. “तुम्ही? पण तुम्हाला तर पुण्याचाच हवा होता.”

“अजून हवाय. पण तुमचा हरला असता, तर ही मंडळी तुम्हाला ठेवणार नव्हती.” त्यानं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. “दहा वर्षं सकाळी साडेसहाला फोन वाजायचा आणि मी हातातला घास टाकून पळायचो. तुम्ही आल्यापासून ते फोन तुम्ही घेता आणि मी घरात बसून पोहे खातोय. पोरीच्या वेण्या घालायलासुद्धा शिकलो.”

संयोगिताला राग आला होता, चांगलाच आला होता. उद्या कुणी ते पोतं उपसलं असतं, तर खोटी तीच ठरली असती, आणि हे तिनं त्याला स्पष्ट सांगितलं. त्यानं खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं तिच्यापुढचा कागद ओढला. ‘पहिली चाचणी जोडणीतील चुकीमुळे रद्द’ असं तिनं लिहिलं होतं आणि पुढं स्वतःचं नाव घातलं होतं. त्यानं त्याच्या खाली लिहिलं, ‘चूक लक्षात येऊनही मी ती दडवली’, आणि सही केली.

तिनं ते दोनदा वाचलं.

“हे अण्णा वाचतील,” ती म्हणाली.

“वाचू दे.”

तिनं कागद फाइलला लावला. “आणि पुढचा महिनाभर सकाळचे फोन तुम्ही घ्यायचे.”

“महिनाभर?”

“मला आईबरोबर पोहे खायचेत,” संयोगिता म्हणाली.