जानेवारीपर्यंतची बाबागाडी

मी एक जुनी बाबागाडी आहे. मित्रांनो, हल्लीच्या बाबागाड्या एका हाताने मिटतात. त्यांना चहाचा पेला ठेवायला खोबण असते आणि पावसासाठी खिडकीचं छप्पर असतं. मला मिटायचं तर दोन हात आणि एक गुडघा लागतो, आणि तरीही मी कधी कधी ऐकत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे नळ्या वाकवल्या, त्यांना चकाकी दिली, गडद निळं कापड शिवलं आणि चार जाड चाकं बसवली. मग मी इंग्लंडमधल्या लँकशर परगण्यात, बेकप या गावी आले. बेकपमध्ये सपाट रस्ता असा फारसा नाहीच. दगडी घरांच्या रांगा टेकडीवर चढत जातात. बाजार खाली, चर्च खाली, पाळणाघर खाली. जे खाली नेलं ते पुन्हा वर आणावं लागतं, मग ती बटाट्यांची पिशवी असो की मूल.

मला विकत घेतलं ग्लेंडाने. ती घरात घालायच्या सपातांच्या कारखान्यात शिलाईवर होती. तिची मुलगी कर्स्टी काही महिन्यांची झाली आणि ग्लेंडाला कामावर परत बोलावलं, तेव्हा तिने मला आणलं. त्या काळी कोणाला काही विचारावं लागत नसे. ग्लेंडाची आई खालच्या गल्लीत राहत होती. सकाळी मला तिच्या दारात उभं करायचं आणि संध्याकाळी परत न्यायचं, एवढीच व्यवस्था. ती माझी कौतुकाची वर्षं होती. दर रविवारी ग्लेंडा माझ्या नळ्या फडक्याने पुसायची. शेजारणी म्हणायच्या, "ग्लेंडा, गाडीत बसवायला तुझ्याकडे राजकन्या आहे वाटतं." कर्स्टी तेव्हा माझ्या पट्ट्याचं टोक चघळत बसलेली असे.

मग कर्स्टी चालायला लागली आणि मी माळ्यावर गेले. माळ्यावरच्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. अंधार होता, आणि एका उंदराने माझा पट्टा खाल्ला.

मला खाली काढलं ते कर्स्टीच्या मुलीसाठी, मेबलसाठी. मेबलचा बाबा दुसऱ्या गावी दुसऱ्या घरात राहतो आणि तिच्या वाढदिवसाला येतो. कर्स्टी मुलीला घेऊन आईकडे राहायला आली होती. मला बघून ती कपाळाला हात लावून म्हणाली, "आई, हिला घेऊन बाहेर पडले तर लोक म्हणतील, वस्तुसंग्रहालयातून पळून आली."

"याच गाडीत बसून तू मोठी झालीस," ग्लेंडा म्हणाली. "पुढे डोकं ठिकाणावर राहिलं नाही, तो दोष गाडीचा नाही."

तिने नवा पट्टा शिवला. शिलाई अजूनही सपाता शिवल्यासारखी बारीक आणि सरळ होती. तेव्हापासून माझी जागा घराच्या अरुंद बोळकंडीत, कोटांच्या खाली आणि जिन्याच्या पायथ्याशी ठरली. आता जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं मी तिथूनच ऐकलं.

कर्स्टी तेव्हा सुपरमार्केटमध्ये संध्याकाळी माल लावायची. आठवड्यातून थोडेच तास काम मिळे. सरकार नोकरी करणाऱ्या आईबापांना पाळणाघराचे तास देतं, पण त्यासाठी कमाई ठरावीक रकमेच्या वर लागते. कर्स्टीची कमाई तिथवर पोचत नव्हती. पुरेसे तास काम करायचं तर मूल कुठेतरी ठेवायला हवं, आणि मूल ठेवायचं तर आधी पुरेसे तास काम हवं. हे तिने एकदा आईला समजावून सांगितलं तेव्हा ग्लेंडा म्हणाली, "हे ज्याने ठरवलं त्याने कधी मूल उचललेलं दिसत नाही."

मग ऑगस्टमध्ये कर्स्टीला दातांच्या दवाखान्यात मदतनिसाची नोकरी लागली. दिवसाचं काम, ठरलेला पगार, आणि दोन वर्षांनी परीक्षा देऊन पक्की पदवी. कामावर हजर व्हायचा दिवस होता एक सप्टेंबर, सोमवार. बाजाराजवळच्या पाळणाघराच्या मुख्य बाई, जॅनिस, यांनी मेबलसाठी जागा राखून ठेवली. सरकारकडून तास मंजूर झाल्याचा एक कोड घ्यायचा आणि जॅनिसना द्यायचा, एवढंच उरलं होतं.

कर्स्टी जिन्याच्या पायरीवर बसून फोनवर सगळी माहिती भरू लागली. वय, पत्ता, मेबलची जन्मतारीख. एका प्रश्नावर ती अडली.

"आई, इथे विचारलंय, 'तुम्ही सध्या नोकरी करता का?' "

"मग?"

"सुपरमार्केटचं काम सोडलं, आणि नवी नोकरी अजून कुठे करते? सोमवारपासून करणार. खाली बारीक अक्षरांत लिहिलंय की लवकरच कामावर जाणार असाल तरी चालतं. म्हणजे मला तसं वाटतंय. नीट कळत नाही."

ग्लेंडा स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. "नीट कळत नाही तर खोटं कशाला बोलतेस? सोमवारी कामावर जा, आणि मग खरं बोल. नव्या जागी एक दिवससुद्धा काम केलं नाही आणि सरकारपुढे हात पसरला, असं आपल्या घरात कोणी केलेलं नाही."

"हात कसला पसरायचा, आई? हक्काचे तास आहेत ते."

"असतील ना. सोमवारीसुद्धा हक्काचेच राहतील."

कर्स्टीने फोन खिशात टाकला. मित्रांनो, या गावातली माणसं अशीच आहेत. रांगेत पुढे घुसलो असं कोणाला वाटू नये म्हणून ती आपला नंबर आलेला असतानाही मागे वळून बघतात.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत कर्स्टीने त्या प्रश्नाला 'हो' असं उत्तर दिलं. कोड लगेच आला. संध्याकाळी ती मला आणि मेबलला घेऊन उतार उतरली, आणि फोन हातात धरून जॅनिसच्या दारात उभी राहिली. जॅनिसनी चष्मा लावला, फोन बघितला आणि चष्मा काढला.

"पोरी, हा आजचा आहे."

"हो, आजच आला."

"सप्टेंबरच्या सत्राचा कोड ऑगस्ट संपायच्या आत हातात असावा लागतो गं. कालपर्यंत चालला असता. आता हे तास तुला पुढच्या सत्रात, जानेवारीपासून मिळतील."

"पण मी कामाला लागले ती आज."

"कामाला लागायच्या आधी मागता येतो. महिनाभर आधीसुद्धा." जॅनिसनी हे अगदी हळू सांगितलं. "माझ्या हातात असतं तर मी तुला दारातून परत पाठवलं असतं का? जागा मी ठेवते. पण तोवरचे पैसे तुलाच भरावे लागतील."

तोवरचे पैसे भरले असते तर कर्स्टीचा जवळजवळ सगळा पगार तिथेच गेला असता. चढ चढताना ती मला जोराने ढकलत राहिली. मेबल बदकांचं गाणं म्हणत होती.

घरी आल्यावर कर्स्टी म्हणाली, "मी दवाखान्यात सांगते. जानेवारीत येते म्हणते."

"आणि जानेवारीपर्यंत ती खुर्ची तुझ्यासाठी रिकामी ठेवतील का?" ग्लेंडा म्हणाली. "थांब असं मीच सांगितलं होतं ना? मग मीच निस्तरते. मेबलला मी बघते. जानेवारी काय, आली म्हणून समज."

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात जड काम तेव्हा सुरू झालं. रोज सकाळी कर्स्टी बस पकडायची, आणि ग्लेंडा मेबलला घेऊन खाली जायची. वाचनालयात लहान मुलांची गाणी असत, बाजारात मटणाची गरम कचोरी मिळे, आणि नदीवर बदकं असत. वाटेत त्यांच्याच गल्लीतले ट्रेवर भेटायचे. ते रोज एकच विनोद नव्याने करायचे.

"काय ग्लेंडा, या गाडीचे ब्रेक लागतात का अजून?"

"तुमच्या गुडघ्यांपेक्षा बरे लागतात."

बाबागाडीला चेहऱ्यांवरून फारसं कळत नाही. तिला माणूस मुठीवरच्या हातांवरून कळतो. कर्स्टीचे हात घाईचे होते आणि ग्लेंडाचे ठाम होते. ऑक्टोबरात ते बदलले. चढाच्या पहिल्या वळणावर ती थांबायला लागली. मग दोन वळणांवर. एकदा ट्रेवर म्हणाले, "दम लागतोय वाटतं." तेव्हा ती म्हणाली, "छे, मेबलला मेंढ्या दाखवतेय." समोरच्या टेकडीवर त्या दिवशी धुकं होतं, मेंढ्या कुठेच दिसत नव्हत्या. पुढे पुढे ती मला ढकलत नव्हती, माझ्यावर रेलत होती. या दोन्हींतला फरक रस्त्यावरच्या कोणाला दिसला नाही. मला कळत होता, पण मला तोंड नाही.

बोळकंडीतल्या भिंतीवर घरचा जुना फोन होता. एका दुपारी मेबल माझ्यात झोपली असताना ग्लेंडाने त्यावरून इस्पितळात फोन केला. पोटाच्या तपासणीसाठी तिला वेळ मिळाली होती आणि ती तिला पुढे ढकलायची होती. तिचं बोलणं मला अजून जसंच्या तसं आठवतं.

"नातीला सांभाळते हो, तिला घेऊन कशी येणार? ख्रिसमसनंतर जमेल का? नाही, नाही, दुखत असं फार नाही. माझी वेळ तुम्ही दुसऱ्या कोणाला द्या. ज्याला खरंच गरज आहे अशा कोणाला तरी. तुम्हाला उगीच त्रास झाला, माफ करा हं."

फोन ठेवून तिने मेबलचं पांघरूण सारखं केलं. संध्याकाळी कर्स्टी घरी आली आणि दाढेत चांदी कशी भरतात ते सांगत राहिली. ग्लेंडा ऐकत होती. मध्येच कर्स्टीने विचारलं, "आई, तू बारीक झालीस का गं?"

"तुझ्या लेकीमागे रोज टेकडी चढून बघ, तूही होशील."

दोघी हसल्या.

जानेवारी आली. मेबल पाळणाघरात जाऊ लागली. तिच्या नावाचा एप्रन आणि कोट टांगायला कोल्ह्याचं चित्र असलेली खुंटी, सगळं जॅनिसनी तयार ठेवलं होतं. त्याच आठवड्यात ग्लेंडा तपासणीला गेली. डॉक्टरांनी तिला बसवून घेतलं, आणि पुढच्या वेळी सोबत मुलीला आणायला सांगितलं.

त्या भेटीहून दोघी परत आल्या तेव्हा कोट न काढताच बोळकंडीत उभ्या राहिल्या.

"ते म्हणाले, ऑक्टोबरातली वेळ तू पुढे ढकललीस," कर्स्टी म्हणाली.

"हो."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

कर्स्टीने किल्ली कोटाच्या खिशात टाकली.

"नोकरी सोडली असतीस," ग्लेंडा म्हणाली. "आता चहा टाक. दोघी जणी इथे खांबासारख्या उभ्या राहिलो तर कोणी टाकणार नाही."

पोटातला आजार आता हाताबाहेर गेला होता. ऑक्टोबरात तपासणी झाली असती तर आई वाचली असती का, हे कर्स्टीने डॉक्टरांना विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, असं सांगता येत नाही. ते उत्तर घेऊन कर्स्टी घरी आली आणि ते अजून घरातच आहे.

ग्लेंडा फेब्रुवारीच्या शेवटी गेली. शेवटच्या दिवसांत ती इस्पितळातून विचारायची, मेबलने आज काय खाल्लं, आणि कर्स्टीला परीक्षेचं पुस्तक मिळालं का.

इथे अंत्यविधी लगेच होत नाही; त्याला अजून काही दिवस होते. घरात फुलं आली होती. ट्रेवर दारात केक ठेवून, घंटा न वाजवता निघून गेले होते. कर्स्टी पायरीवर बसून फोनवर आलेला सरकारचा संदेश वाचत होती. पाळणाघराचे तास चालू ठेवायचे असतील तर दर तीन महिन्यांनी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं. उत्तर दिलं नाही तर तास बंद होतात. मेबल तिच्या शेजारी येऊन बसली आणि तिने विचारलं, "काय आहे?"

"एक प्रश्न आहे," कर्स्टी म्हणाली. "मागच्या वेळेपासून आपल्या परिस्थितीत काही बदल झालाय का, असं विचारतायत."

नोकरी तीच होती, पगार तोच, पत्ता तोच आणि मूल तेच. सरकारला ज्या ज्या गोष्टी कळायला हव्या होत्या, त्यांतली एकही बदललेली नव्हती. चार महिने जिने ते मूल सांभाळलं, तिच्याबद्दल त्यांनी आधीही काही विचारलं नव्हतं.

कर्स्टीने 'नाही' असं उत्तर दिलं. लगेच परत उत्तर आलं. त्यात तिचे आभार मानले होते.

मित्रांनो, आता मी घराबाहेर दगडी भिंतीला टेकून उभी आहे. जुन्या वस्तू विकणाऱ्या धर्मादाय दुकानाने मला घेतलं नाही. माझा ब्रेक आजच्या नियमांत बसत नाही म्हणाले. म्हणून कर्स्टीने माझ्या मुठीला कागद बांधला आहे, 'हवी त्याने न्यावी.' मला त्याचं वाईट वाटत नाही. बोळकंडीतून येता-जाता तिचा हात माझ्या मुठीला लागायचा, आणि ती तो चटकन काढून घ्यायची.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी सांगतात, आम्हाला जपा, तेलपाणी करा. मी तसं काही मागत नाही. मागते ते एवढंच. तुमच्याही घरी कोणीतरी तुमचं मूल सांभाळत असेल, आणि 'मला काय होतंय' म्हणत असेल. स्वतःचा कोणता दिवस तो पुढे ढकलतोय, हे आज घरी जाऊन विचारा. उत्तर हसण्यावारी नेलं तर पुन्हा विचारा. तो चिडेल. चिडू द्या.

माझं चाक गेलं तर दुसरं बसवता येतं.